मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी आणि साताऱ्याचा पावसाळा : टायर निवडताना या चुका टाळा

यवतेश्वर घाटातल्या एका वळणातून वर निघताना माझ्या गाडीची मागची बाजू अचानक हातभर बाहेर सरकली, तेव्हा वेग ताशी ४० किलोमीटरही नव्हता. पाऊस रिमझिमच होता आणि रस्ता नुसता ओला होता. स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेने गाडी सावरली म्हणून पुढचा प्रसंग टळला. त्याच्या महिनाभर आधी टायरच्या एका दुकानात मी टायर दाखवले होते आणि बाहेरूनच एक नजर टाकून ‘अजून एक पावसाळा आरामात जाईल’ असे मला सांगण्यात आले होते. ते ऐकायलाही बरे वाटले, त्यामुळे मी अधिक चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेऊन मागच्या चाकाच्या आतल्या कडेवरून हात फिरवला, तेव्हा खरा प्रकार कळला. बाहेरच्या अर्ध्या भागावर चार मिलिमीटर खोल नक्षी शिल्लक होती, पण आतली तीन बोटे रुंदीची पट्टी पूर्ण गोटा झाली होती. वेगासाठी बांधलेल्या अनेक गाड्यांची मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. त्यामुळे वळणात पकड चांगली मिळते, मात्र आतली कड लवकर झिजते. पुढचे चाक स्टिअरिंग वळवून तपासता येते, मागचे येत नाही. म्हणून गाडी उचलून किंवा जमिनीवर आडवे पडून आतली कड पाहिल्याशिवाय मागचे टायर चांगले आहेत असे कोणी म्हणू नये. कायद्याने मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी असावी लागते. ही दंड टाळण्याची मर्यादा आहे, घाटात पाणी कापण्याची नव्हे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीसाठी पावसाळ्याच्या तोंडावर तीन ते चार मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर मी स्वतः ठेवणार नाही.

‘विंटर टायर’चा मोह

परदेशातील व्हिडिओ पाहून काही हौशी मंडळी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला विंटर टायर घ्यावेत का, असे विचारतात, कारण त्यांची खोल आणि बारीक चिरांची नक्षी पाण्यासाठीही उत्तम दिसते. पण या टायरचा मुख्य गुण नक्षीत नसून रबरात असतो. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नेहमीचे रबर कडक होते आणि विंटर टायरचे रबर मात्र लवचीक राहते. आपल्याकडे वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याची बातमी येते खरी, तथापि तेवढ्यासाठी साताऱ्यात विंटर टायर घेणे म्हणजे वर्षातल्या एका पहाटेसाठी घरात शेकोटी बांधण्यासारखे आहे. पावसाळ्यातल्या २० ते २५ अंशांतही हे रबर गरजेपेक्षा मऊ पडते, नक्षीचे ठोकळे वळणात लवलवतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. एप्रिलच्या उन्हात तर ते झपाट्याने झिजते.

ज्यांची मुले जर्मनीत आहेत, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की तिथे बर्फाळ रस्त्यावर तीन शिखरे आणि हिमकणाची खूण असलेले टायर कायद्याने लागतात. नुसती ‘एम + एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे १ ऑक्टोबर २०२४ पासून पुरेशी धरली जात नाहीत. तिथेही गाडीला जोर मागून मिळतो म्हणून फक्त मागे दोनच विंटर टायर घालणे ही मोठी चूक ठरते, कारण बर्फावर गाडी पुढे निघते, पण पुढची चाके ना वळत ना थांबत.

‘किती किलोमीटर चालेल?’

आपल्याकडे दुकानात पहिला प्रश्न हाच असतो. मालवाहू गाडीसाठी तो योग्य आहे. अडीचशे अश्वशक्ती मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरवणाऱ्या गाडीसाठी तोच पहिला ठेवला, तर बहुधा कडक रबराचा, जास्त चालणारा आणि ओल्या रस्त्यावर कमी पकडणारा टायर पदरात पडतो. त्याऐवजी ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी विचारावी. युरोपीय लेबलवर ती पावसाच्या चिन्हाखाली ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत दिलेली असते. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीसाठी बनवलेले, जवळजवळ सपाट नक्षीचे टायर घेणे. कोरड्या रस्त्यावर ते डांबर सोडत नाहीत, परंतु खंबाटकी उतरल्यावर महामार्गावर साचलेल्या पाण्यात त्यांना पाणी बाहेर टाकायला खाचाच नसतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ज्याला पसरणी किंवा केळघर घाटातून तिकडे जायचे आहे, त्याने रुंद उभ्या खाचांचा उन्हाळी (म्हणजे विंटर नसलेला, नेहमीच्या रबराचा) स्पोर्ट टायर घ्यावा, हे माझे मत आहे.

आकाराच्या बाबतीत मात्र मत चालत नाही, हिशोबच करावा लागतो. अशा गाड्यांना पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर असणे नेहमीचेच आहे. उदाहरणार्थ पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८. यात पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत, आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा इंचांत. पुढच्या चाकाचा व्यास ६५९.७ मिलिमीटर येतो आणि मागच्याचा ६६१.२, म्हणजे फरक दीड मिलिमीटरचा. २५५/४० मिळत नाही म्हणून कोणी मागे २५५/४५ बसवले, तर मागचा व्यास ६८६.७ होतो. चारही चाकांच्या वेगाची तुलना करून काम करणाऱ्या एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या) आणि ट्रॅक्शन (चाके जागीच फिरू न देणाऱ्या) यंत्रणेला मग मागची चाके सतत हळू फिरत असल्याचे दिसते, आणि खरी घसरण ओळखण्यात तिची गल्लत होऊ शकते. बसते आहे ना, मग झाले, असे इथे चालत नाही. अशा जोडीत पुढची-मागची चाके आपसांत बदलताही येत नाहीत, हे खर्चाचा अंदाज बांधताना धरावे.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे जावेत. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय सैल केल्यावर बहुधा परत वळते, पण मागची सुटली तर गाडी फिरते, आणि फिरणाऱ्या गाडीला यवतेश्वरच्या कठड्याशी फार वाटाघाटी करता येत नाहीत. घेताना बाजूवरचा चार अंकी आकडाही वाचावा. १८२५ म्हणजे २०२५ सालचा १८ वा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर किती वर्षे गोदामात पडून होता, हे त्यावरून कळते.

हवेबद्दल एक समजूत अजून टिकून आहे, ती म्हणजे पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून दाब कमी केला की गाडी कमी वेगातच तरंगते. रुंद मागच्या टायरला हा धोका अधिक असतो. दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब थंड टायरमध्ये भरावा, घाट चढून आल्यावर नव्हे.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या नव्या विद्युत गाड्यांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलताच विजेची मोटार ब्रेकसारखी मागच्या चाकांना ओढून धरते, आणि ओल्या वळणात तेवढ्यानेही मागची बाजू सैल होऊ शकते. टायरला दोष देण्यापूर्वी ही ओढ सेटिंगमध्ये कमी करून तोच उतार सावकाश उतरून पाहावा.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो पूर्ण जात नाही. म्हणून शनिवारी टायर बसवून रविवारी सकाळी कास गाठण्याचा बेत करू नये. मी या वेळी मे महिन्यात टायर बदलले, आठवडाभर कोरेगावच्या सपाट रस्त्यावर ये-जा केली आणि त्यानंतरच गाडी यवतेश्वरकडे वळवली.