दोन हप्त्यांचा युरिया एकदम फेकताय? या चुका टाळा

हवा तापवणारे वायू कारखान्यांचे, शेतीचा काय संबंध, हे बांधावर ऐकून कान किटले. उसाच्या पट्ट्यात तो संबंध युरियाच्या पोत्यात आहे.

45 किलोच्या पोत्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, जेमतेम 21 किलो. जमिनीत त्याचं नायट्रेट होतं. सरीत पाणी तुंबून मातीतली हवा संपली, की जिवाणू ते नायट्रेट फोडतात आणि काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो.

शेजारचा एक पोरगा नोकरी सोडून शेतीत आला. व्हिडिओ बघून दोन हप्ते एकदम टाकले. रात्रीची लाइट आली, मोटर चालू केली आणि झोपला. सकाळी सरीत तळं. पुढच्या पाळीलाही तेच. वरच्या अंगाचा ऊस हिरवा काळाभोर झाला, त्याचे फोटो गावभर फिरले. खालच्या अंगाला पाणी साचलं तिथला पिवळा पडला, त्याचा फोटो कुणी काढला नाही. पहिल्याच वळवात तो काळाभोर ऊस लोळला. तरी पठ्ठ्या विचारतो, ‘अजून एक पोतं टाकू का?’

पोतं पावणेतीनशेच्या आत मिळतं, म्हणून हात सैल सुटतो. मी हप्ते पाडतो, वाफसा बघतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, खत मातीआड करतो. ठिबक असेल तर त्यातूनच, थोडं थोडं. ‘युरिया नीमकोटेड, कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला आहे की’ म्हणणाऱ्यांनो, 2015 पासून सगळाच तसा आहे. त्यानं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, तळ्यापुढं त्याचंही चालत नाही.

दुसरी चूक पाचटाला, उसाच्या वाळल्या पाल्याला, काडी लावणं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट जाळून धुरासोबत मिथेन सोडायचा आणि मग जमिनीतला सेंद्रिय कर्ब कमी झाला म्हणून रडायचं! पाचटात उंदीर होतात हे कारण मला सांगू नका, कुजेपर्यंत धीर नसतो हे खरं. खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर परत फुटणाऱ्या उसाचे, बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या.

उकिरड्याच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचू देऊ नका, शेण तिथं मिथेन सोडतं.

भातातही त्याच कारणानं सतत पाणी उभं नको, अधूनमधून निचरा करा. फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नका.

गाईचा मिथेन बहुतेक ढेकरातून येतो. तो कमी करायची पावडर विचारणाऱ्याला मी आधी गव्हाण दाखवायला सांगतो. नुसतं वाळकं सरमाड दिसलं, तर आधी हिरवा चारा लाव म्हणतो.