जँगोत मराठी यूआरएल : राउटिंगच्या या चुका टाळा

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एका दिवाळी अंकाच्या वेबसाइटचं काम करताना मी हट्टच धरला होता, की लेख मराठी तर त्यांचे पत्तेही मराठीच हवेत. पहिला लेख चढवला, शीर्षक 'पुणे'. पत्ता तयार झाला 'पण'. दुसरा लेख 'पाणी'. त्याचाही पत्ता 'पण', आणि हा स्लग (शीर्षकावरून बनणारा पत्त्याचा तुकडा) आधीच वापरलेला आहे म्हणून डेटाबेसने तो लेख नाकारला.

दोष शीर्षकाचा स्लग बनवणाऱ्या, जँगोच्या स्लगिफाय फंक्शनमध्ये दडलेला असतो. नुसतं वापरलं तर ते देवनागरी पूर्ण पुसून रिकामी स्ट्रिंग हातात देतं. मग शोधाशोध करून आपण 'अलाउ युनिकोड' हा पर्याय ट्रू करतो, काहीतरी अक्षरं दिसतात आणि काम झालं असं वाटतं. पण आतलं रेजेक्स (मजकुराचा नमुना जुळवणारं सूत्र) अक्षरं, आकडे नि अंडरस्कोर यांच्या 'बॅकस्लॅश डब्ल्यू' या वर्गात, शिवाय मोकळी जागा आणि हायफन यांत न बसणारं सगळं काढून टाकतं, आणि पायथनच्या त्या वर्गात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यातलं काहीच बसत नाही. 'किल्ला'चं 'कलल' होतं. मॉडेलमधल्या (डेटाबेसमधल्या नोंदीच्या आराखड्यातल्या) स्लगफील्डची तपासणीही याच वर्गावर चालते. म्हणून अ‍ॅडमिनमध्ये हाताने 'पुणे' लिहिलं तर तेही अवैध ठरतं.

बरं, स्लग नीट साठवला तरी राउटिंगमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठलं पान हे ठरवताना, यूआरएलमध्ये 'स्लग' कन्व्हर्टर (पत्त्याचा तुकडा ओळखून घेणारा भाग) लावला असेल तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', ठरलेला. हा कन्व्हर्टर फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो. त्याऐवजी 'एसटीआर' वापरा, तो स्लॅश सोडून काहीही घेतो. मॉडेलमध्ये साधं कॅरेक्टर फील्ड ठेवा आणि स्लग करणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा : मोकळ्या जागी हायफन घाला, विरामचिन्हं काढा, बाकी शब्दाला हात लावू नका.

मी याच्या पुढे जाऊन स्वतःचा कन्व्हर्टर लिहिते, कारण 'दऱ्या'सारखा शब्द. यातला ऱ एकाच कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एकाच क्रमांकाचा) असू शकतो, किंवा र आणि नुक्ता असा दोन मिळूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून साठवताना आणि कन्व्हर्टरच्या 'टू पायथन'मध्ये (पत्त्यातला तुकडा पायथनच्या मूल्यात बदलणाऱ्या फंक्शनमध्ये), दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन करावं, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी होतात.

कन्व्हर्टर लिहिताना हमखास दुर्लक्ष होतं ते 'टू यूआरएल'कडे, म्हणजे उलट मूल्यावरून पत्ता बनवणाऱ्या फंक्शनकडे. समजा, महिन्यासाठी दोन आकड्यांचं रेजेक्स लिहिलं आणि 'टू पायथन'मध्ये त्याचा इंटिजर केला. जुलैचं पान पत्ता टाइप करून छान उघडतं. पण टेम्प्लेटमधून (पानाच्या साच्यातून) दुवा बनवताना ७ चा '७'च राहतो, '०७' होत नाही, आणि पत्ता बनला नाही असं सांगणारा 'नोरिव्हर्समॅच' एरर येतो. परत जाताना पुढचं शून्य लावणं हे 'टू यूआरएल'चं काम.

आता क्रमाकडे. 'एसटीआर' सैल असल्यामुळे क्रमाची चूक जास्त महागात पडते. 'लेख' खालचा स्लगवाला पॅटर्न (पत्त्याचा नमुना) वर आणि 'लेख/नवा' खाली असेल, तर 'नवा' हा स्लग समजला जातो आणि फॉर्मऐवजी ४०४ दिसतो. आत ४०४ आला तर जँगो पुढचा पॅटर्न करून बघेल, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं होत नाही. व्ह्यूपर्यंत, म्हणजे पान तयार करणाऱ्या फंक्शनपर्यंत, पोचलं की शोध संपला. फक्त 'टू पायथन'ने व्हॅल्यूएरर दिला तरच पुढचे पॅटर्न तपासले जातात. नेमके पत्ते वर, सैल पत्ते खाली.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. डीबग (चुका सविस्तर दाखवणारी सेटिंग) चालू असताना ४०४ चं पान नीट वाचा. कुठलाच पॅटर्न जुळला नसेल तर कोणते तपासले त्यांची क्रमाने यादी तिथे असते. व्ह्यूने स्वतः ४०४ दिला असेल तर त्या व्ह्यूचं नाव असतं. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

शेवटच्या स्लॅशचा घोळ मात्र प्रत्यक्ष सर्व्हरवर जास्त छळतो. 'अपेंड स्लॅश' ही सेटिंग मुळात चालूच असते, त्यामुळे स्लॅश विसरलेला साधा दुवा ३०१ ने (दुसऱ्या पत्त्यावर कायमचं पाठवणाऱ्या उत्तराने) योग्य पानावर जातो. फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये स्लॅश राहिला तर तीच ३०१ ब्राउझरला जीईटीवर (नुसतं पान मागणाऱ्या विनंतीवर) नेते आणि वाचकाने लिहिलेला सगळा मजकूर वाटेत हरवतो. डीबगमध्ये जँगो रनटाइमएरर देऊन सावध करतं, सर्व्हरवर चकार शब्द काढत नाही. अ‍ॅक्शनचा पत्ता हाताने लिहूच नका, टेम्प्लेटच्या 'यूआरएल' टॅगकडून घ्या.

जुन्या ट्युटोरियलमधलं 'यूआरएल' फंक्शन जँगो ४.० पासून काढून टाकलं आहे, त्याच्या जागी 'पाथ' किंवा 'री-पाथ' घ्या. 'री-पाथ'मध्ये वर्षासाठी 'बॅकस्लॅश डी' (कुठलाही आकडा) लिहिलंत तर देवनागरी २०२४ सुद्धा जुळतं आणि पायथन त्याचा इंटिजरही बिनतक्रार करतं, म्हणजे एकाच पानाला दोन पत्ते. ते नको असेल तर इंग्रजी शून्य ते नऊ असा पल्ला स्पष्ट लिहा.