जुलाब लागल्यावर जलसंजीवनी कशी बनवावी, कशी द्यावी

जुलाब सुरू झाले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाणी देऊ नका, प्यायलं की लगेच होतंय." हा सल्ला सर्वांत घातक. जुलाबाने जीव जातो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

आपण दिवसभरात खाण्यापिण्यातून साधारण 2 लिटर पाणी घेतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिसळले की लहान आतड्यात रोज 8-9 लिटर द्रव येतो. त्यातला बहुतेक लहान आतडंच शोषून घेतं. उरलेला लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात जातो आणि शौचावाटे जेमतेम 100-200 मिलि बाहेर पडतो. जंतुसंसर्गात हा हिशेब बिघडतो. मात्र आतड्याच्या अस्तरातली एक वाट बहुधा शाबूत राहते: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणीही ओढलं जातं. नुसत्या पाण्याला किंवा नुसत्या मिठाच्या पाण्याला हे तितकं जमत नाही. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून असंख्य रुग्ण वाचवले, ते याच वाटेने.

पायरी 1. पाकीट नीट वाचा

जलसंजीवनीची म्हणजेच ओआरएसची पाकिटं मेडिकलमध्ये मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडेही मिळतात. मोठं पाकीट 1 लिटरसाठी असतं, छोटं 200 मिलिसाठी. गडबड इथेच होते. लिटरचं पाकीट पेल्यात कालवलं की पाणी इतकं दाट होतं की ते उलट अंगातलं पाणी आतड्यात खेचतं आणि जुलाब वाढतात. मुलांच्या अंगात मीठ जास्त जाण्याचा धोका वेगळाच. "थोडं थोडं वापरू" म्हणून पाकीट अर्धं ठेवू नका, पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात. 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार' असं लिहिलेलं पाकीट घ्या. खोक्यातली तयार गोड पेयं, कोल्ड्रिंक, फळांचा रस यांत साखर फार आणि मीठ नावाला, त्यामुळे ती चालत नाहीत.

पायरी 2. पाणी तयार करा

हात साबणाने धुवा. उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी मोजून घ्या (पाण्याची लिटरची बाटली मापाला उत्तम), त्यात पाकीट पूर्ण विरघळवा आणि झाकून ठेवा. नंतर उकळू नका, साखर-लिंबू घालू नका. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या.

पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा 5 मिलिचा, पोह्यांचा नव्हे. चाखून बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळेपर्यंतची ही सोय.

पायरी 3. घोट घोट द्या

दर जुलाबानंतर 2 वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिलि, 2 ते 10 वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलि, मोठ्यांना हवं तितकं. तान्ह्याला वाटी-चमच्याने पाजा. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी चमचाभर द्या.

जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत! ते काही दिवसांत आपसूक आटोक्यात येतात. "फरक पडत नाही" म्हणून पाजणं सोडणारे खूप, म्हणून हे ठासून सांगतो.

पायरी 4. उपाशी ठेवू नका

अंगावरचं दूध चालूच ठेवा. बाकीच्यांना पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, ताक. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक: 6 महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅम, त्याआधी 10, असं 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करा. जुलाब बंद करणारी गोळी मुलांना देऊ नका. ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. मागच्या आजारपणातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी कपाटातच राहू द्या.

डॉक्टरांकडे केव्हा?

शौचातून रक्त, जोराचा ताप, तांदळाच्या धुवणासारखे भराभर जुलाब, काहीच पोटात न ठरणं, सहा-आठ तास लघवी न होणं. मूल सुस्त पडलं, डोळे किंवा टाळू खोल गेली, रडताना अश्रू येत नाहीत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. अगदी लहान बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणसं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले यांच्या बाबतीत तर आधीच फोन करा. मधुमेह असेल तरी जलसंजीवनी बंद करू नका, साखर तपासत राहा. दवाखान्यात निघताना बाटली सोबत घ्या आणि रुग्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर रिक्षातही पाजत राहा.