दोघांची पहिली क्रूझ: बुकिंगपासून जहाजावरून उतरेपर्यंत काय काय करायचं

पहिल्यांदा क्रूझला जायचं ठरलं की आपण आधी कपड्यांच्या मागे लागतो, संध्याकाळी डेकवर काय घालायचं, फोटो कसे येतील, आणि ज्या गोष्टींवर सगळी ट्रिप टिकून असते त्या शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. आम्ही दोघांनीही पहिल्या वेळी असंच केलं. म्हणून ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमानेच लिहितेय.

आधी दोघं बसून बोला

बुकिंगच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढाच. एकाला रोज नवीन शहर बघायचं असतं, दुसऱ्याला नुसतं समुद्राकडे बघत पडून राहायचं असतं आणि हे जहाजावर चढल्यावर कळलं तर मग आठवडाभर कोणीतरी एकजण मन मारून फिरतो. प्रत्येक रूटमध्ये पोर्ट डे किती आणि सी डे किती ते मोजा. पोर्ट डे म्हणजे जहाज एखाद्या बंदराला लागतं तो दिवस. सी डे म्हणजे दिवसभर जहाज समुद्रातच, कुठेही थांबत नाही. पहिल्या वेळेला चार-पाच रात्रींची ट्रिप आणि त्यात एखादा सी डे एवढं पुरे, फार तर सात रात्री, कारण समुद्र आपल्याला मानवतो की नाही हेच अजून माहीत नसतं.

रूटमधली शहरांची नावं वाचताना सावध राहा. यादीत "रोम" लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिविटावेक्कियाला आणि तिथून रोम साधारण 80 किलोमीटर आहे, "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नोचं बंदर, तिथूनही पुढे बराच प्रवास. म्हणजे बंदरात दहा तास मिळाले तरी जाण्यायेण्यातच तीन-चार तास जातात. म्हणून नाव बघू नका, जहाज किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं ते बघा. सीझनही बघा, कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ असतो, तेव्हा तिकिटं स्वस्त दिसतात पण हवा बिघडली तर कॅप्टन रूट बदलू शकतो, एखादं बंदर गाळूही शकतो.

केबिन निवडताना

इनसाइड म्हणजे बिनखिडकीची, ओशन व्ह्यू म्हणजे खिडकी असलेली पण ती उघडत नाही, मग बाल्कनी आणि सगळ्यात वरच्या दर्जाची, मोठी खोली म्हणजे स्वीट. माझं स्पष्ट मत, जोडप्याने इतर कशातही काटकसर करावी पण जमलं तर बाल्कनी घ्यावी. केबिन हॉटेलच्या खोलीपेक्षा बरीच लहान असते, एकजण झोपलेला असेल तर दुसऱ्याला बसायला जागा हवी ना, ती बाल्कनीत मिळते. इनसाइडमध्ये दार लावलं की मिट्ट काळोख, सकाळ झालेली कळतच नाही. ज्यांना फक्त झोपायलाच खोलीत यायचंय त्यांना मात्र ती चालून जाते.

केबिन कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या डेकवर, पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतं. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपल्या खोलीच्या बरोबर वर-खाली काय आहे ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज, खाली क्लब असेल तर रात्रभर धडधड. दोन्हीकडे केबिनच असतील अशी खोली घ्या. आणि काही स्वस्त खिडक्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते, बुकिंग करताना तेवढं विचाराच.

तिकिटात काय येतं आणि काय येत नाही

राहणं, मुख्य डायनिंग रूम, बुफे, बरेचसे शो हे साधारणपणे तिकिटात असतं. दारू, कोल्डड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, बंदरावरच्या सहली आणि बऱ्याच कंपन्यांमध्ये रोजची माणशी टिप, हे सगळं वेगळं. जहाजावर सहसा रोख पैसे चालत नाहीत, एक कार्ड देतात, तेच दाराची किल्ली, तेच ओळखपत्र आणि त्यावरच खर्च चढत जातो, हातातून पैसे जाताना दिसत नाहीत म्हणून कितीही होतो. ड्रिंक्स पॅकेजमध्ये, म्हणजे पेयांचे पैसे एकदाच भरून टाकायच्या योजनेत, जोडप्यांची हमखास अडचण होते, कारण बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसानेही घ्यायचं. दोघांपैकी एकच पिणारा असेल तर बहुतेक वेळा सुटं घेतलेलंच परवडतं.

कागदपत्रं

ट्रिप संपल्यावर पुढे सहा महिने तरी पासपोर्ट चालू असला पाहिजे असं धरून चाला. व्हिसा प्रत्येक बंदराच्या देशाप्रमाणे तपासा, आणि जहाज एका देशातून बाहेर पडून परत तिथेच येणार असेल तर मल्टिपल एन्ट्री लागते, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. नुकतं लग्न झालेलं असेल आणि आडनाव बदललं असेल तर बुकिंग पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावाने करा. गरोदर असाल तर आधी विचारा, बऱ्याचशा कंपन्या ट्रिप संपेपर्यंत 24 आठवडे होणार असतील तर चढूच देत नाहीत.

इन्शुरन्स घ्याच, आणि त्यात समुद्रातून हॉस्पिटलपर्यंत पोचवण्याचा खर्च येतो का ते वाचा, जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल आपल्यालाच भरायचं असतं. आणि जहाज सुटायच्या शहरात आदल्या दिवशीच पोचा. विमान लेट झालं तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

बॅग भरताना

मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती खोलीत यायला कधीकधी संध्याकाळ होते. माझी औषधं त्या बॅगेत होती आणि पहिली संध्याकाळ मी डोकं धरून बसून काढली. म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर, स्विमिंगचे कपडे, एक जोडी बदलायचे कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत. दोघांचे थोडे थोडे कपडे एकमेकांच्या बॅगेत ठेवा, एक बॅग उशिरा आली तरी दोघांचंही भागतं.

इस्त्री, किटली, मेणबत्ती, सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन हे नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. साधा जास्त पोर्टवाला यूएसबी चार्जर न्या. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक मस्त चिकटतात, टोप्या, ओले कपडे, ओळखपत्रं सगळं टांगता येतं.

बोट लागली तर

गाडी लागते तशीच बोट लागते. कान सांगतो हलतंय, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून खोलीत पडून मोबाइल बघू नका, उघड्या डेकवर या, जहाजाच्या मधल्या भागात उभे राहा आणि क्षितिजाकडे बघा. गोळी मळमळायला लागायच्या आधी घेतली तरच नीट काम करते, पण कोणती घ्यायची ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, काहींनी खूप झोप येते. पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं खात राहा, आल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. आणि हात साबणानेच धुवा, जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

चढल्यावर पहिलं काम

बुफेकडे धावायच्या आधी मस्टर ड्रिल उरका. संकटात आपण कुठे जमायचं ते त्यात दाखवतात. हे मनापासून करा. 13 जानेवारी 2012 ला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज चिविटावेक्कियाहून सुटलं आणि त्याच रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हा ती 24 तासांत घेतली तरी चालायची. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे धोक्याचा इशारा. दोघांनी तेव्हाच ठरवून ठेवा की वेगवेगळ्या ठिकाणी असलो तरी एकमेकांना शोधत फिरायचं नाही, दोघांनी थेट आपल्या मस्टर स्टेशनला यायचं. एका केबिनचं स्टेशन एकच असतं.

जहाज सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजावरचं मोबाइल नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग बिल भयंकर येतं.

बंदरावर उतरताना

घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. फोन स्थानिक वेळ पकडतो आणि ती जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून एक साधं मनगटी घड्याळ न्या. परत यायची वेळ सुटायच्या आधी अर्धा ते एक तास असते, तुम्ही त्याच्याही तासभर आधी या. जहाजाने आयोजित केलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही, मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने गाठत जायचं. पासपोर्टची कॉपी आणि क्रूझ कंपनीच्या बंदरावरच्या एजंटचा नंबर खिशात असू द्या. सँटोरिनीसारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून नेतात, तिथे जाताना-येताना रांगेचा वेळ धरा.

दोघांसाठी एक गोष्ट

चोवीस तास बरोबर राहायची गरज नाही हो. दिवसातले दोन तास आपापले, एकजण पुस्तक घेऊन डेकवर, दुसरा जिममध्ये, आणि भेटायची वेळ-जागा आधीच ठरलेली, कारण समुद्रात फोन करून "कुठे आहेस" विचारता येईलच असं नाही. आम्ही आरशावर चिठ्ठी चिकटवायचो. आणि सूर्यास्ताची वेळ मात्र दोघांची, तेव्हा शो नाही, खरेदी नाही, काही नाही.

शेवटची रात्र

बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला, पासपोर्ट, औषधं बाजूला काढून ठेवा. कार्डावरचा हिशोब आदल्या दिवशीच तपासा, शेवटच्या सकाळी काउंटरवर मोठी रांग असते. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. आणि घरी आल्यावर एक-दोन दिवस आंघोळ करताना, गादीवर पडल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरू नका, बहुतेकांचं ते आपोआप थांबतं, आठवड्याच्या पुढे राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.