अल्झायमरवर पीएचडी करायचीय? आधी मेंदूचा स्लाइस जिवंत ठेवायला शिका

जळगाव-धुळ्याकडच्या बीएस्सी, एमएस्सीवाल्या पोरांचे मेसेज येतात, दादा अल्झायमरवर रिसर्च करायचाय, कुठून सुरू करू. बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे प्लाक म्हणजे गोळे साचतात, टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात, पेशी मरतात, माणूस विसरतो. चूक नाही ते, १९०६ साली आलोइस अल्झायमरने मायक्रोस्कोपखाली जे बघून मांडलं ते हेच. पण आम्ही लॅबमध्ये बघतो तो त्याच्या आधीचा टप्पा, पेशी मरायच्या बरंच आधी दोन पेशींमधला सांधा म्हणजे सिनॅप्स ढिला पडतो, आणि पेशंटची स्मृती किती गेली याचा मेळ प्लाकपेक्षा उरलेल्या सिनॅप्सशी जास्त बसतो. म्हणून माझं म्हणणं, आजार नंतर वाचा, आधी निरोगी सिनॅप्स शिकतो कसा ते वाचा.

१९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, दाखवलं की जोरात, भरभर सिग्नल दिला की तो सिनॅप्स नंतर तासन्‌तास तगडा राहतो. याला एलटीपी (लाँग टर्म पोटेन्शिएशन) म्हणतात. सिनॅप्सवर सिग्नल झेलणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडाशी मॅग्नेशियम अडकलेलं असतं, पेशी पुरेशी उत्तेजित झाली की ते बाजूला होतं, कॅल्शियम आत घुसतं आणि पृष्ठभागावर एएमपीए नावाचे दुसरे रिसेप्टर वाढतात, म्हणून सिनॅप्स तगडा होतो. अमायलॉइडचे छोटे विरघळणारे गुच्छ नेमकं इथेच आडवे येतात, एलटीपी होऊ देत नाहीत. आजार हिप्पोकॅम्पसला लवकर गाठतो म्हणून तर आजोबांना तरुणपणीचा कापसाचा भाव पाठ असतो पण सकाळी जेवलो का ते आठवत नाही.

आता हा एलटीपी मोजायचं रोजचं काम. उंदराचा मेंदू बर्फाळ द्रावणात काढायचा, व्हायब्रेटोमवर म्हणजे थरथरत्या पात्याच्या यंत्रावर साधारण ३५० मायक्रॉनचे काप घ्यायचे, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चालू ठेवायचे, तास-दीड तास स्लाइसला सावरू द्यायचं. मग इलेक्ट्रोड लावून वीसेक मिनिटं बेसलाइन म्हणजे झटक्याआधीचा सिग्नल, ती सरळ आली तरच पुढे टिटॅनस म्हणजे १०० हर्ट्झचा एक सेकंदाचा झटका, आणि तासभर नुसतं स्क्रीनकडे बघणं. बेसलाइन हळूहळू खाली सरकायला लागली की दुपार गेली समजा. आणि ५० हर्ट्झचा गुणगुणाट, आपल्याच वीजपुरवठ्याचा, तो घालवायला अर्थिंगच्या वायरी एकेक काढून लावून बघाव्या लागतात, कधी कधी दोषी शेजारचा दिवा निघतो! ज्याने घरी मोटरपंपाचा स्टार्टर उघडलाय तो इथे पुस्तकी टॉपरपेक्षा लवकर रुळतो, हे मी गमतीने नाही सांगत.

घरचंही बोलू. आमचं घर माळकरी, काका सरळ विचारतात, काय भो, एवढं शिकून उंदीर कापतो का? एथिक्स कमिटीची परवानगी लागते, एकेका जनावराचा हिशोब द्यावा लागतो, हे सगळं सांगता येतं, पण मन कचरतंच. नाहीच जमलं तर जबरदस्ती करू नका, कॉम्प्युटर मॉडेलिंग आहे, पेशींवरचं काम आहे, माणसांच्या स्मृतीचा अभ्यास आहे.

या शेवटच्या कामात आपल्याकडच्या पोरांना मोठी जागा आहे असं मला वाटतं. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपवतात. त्यात न शिकलेल्या म्हातारीला आजची तारीख विचारली तर ती तिथी सांगेल, नाहीतर बाजाराचा वार, आणि शहरी चाचणीत नापास होईल. हरियाणात बल्लभगडच्या न शिकलेल्या लोकांसाठी हिंदी चाचणी वेगळी बनवावी लागली ती यासाठीच. अहिराणी घरात वाढलेल्या पोराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. एमएस्सीसाठी गॅट-बी किंवा जॅम, पीएचडीसाठी सीएसआयआर नेट, मुंबईच्या टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थांसाठी JGEEBILS, या सगळ्या प्रवेश परीक्षा. मानेसरचं एनबीआरसी, बंगळुरूचं निम्हान्स, आयआयएससीचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, पुण्याचं आयसर बघा. जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७ हजार आणि वर एचआरए. मेल करताना 'आय अ‍ॅम पॅशनेट' वगैरे लिहू नका, त्या लॅबचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीवर एक प्रश्न विचारा. आणि जॉइन होण्याआधी तिथल्या सीनियरला गुपचूप विचारा, रिग म्हणजे रेकॉर्डिंगचा सेटअप चालू आहे का आणि शिकवणारा अजून लॅबमध्ये आहे का.