जगप्रदक्षिणेहून घरी परतताना या चुका टाळा

वर्षभराच्या भटकंतीची तयारी लोक सहा-सहा महिने करतात. व्हिसा, लसी, सॅक, बूट, विमा, सगळं यादी करून. परतीची तयारी मात्र एकच, तिकीट. बाकी काय, घरीच तर जायचंय! नेमकं इथंच फसायला होतं, कारण परतीची निम्मी कामं शेवटच्या देशात असतानाच करायची असतात. मुंबईत उतरल्यावर त्यांची वेळ गेलेली असते.

शेवटचा देश न बघता तिकीट काढणं

केनिया, इथिओपिया, ब्राझील, पेरू अशा पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) यादीतल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. विमानतळावर लस टोचून सुटका होत नाही, कारण लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरायचं कारण नाही. मात्र कार्ड मूळच हवं, मोबाइलमधला फोटो नव्हे. नाव पासपोर्टप्रमाणे आणि केंद्राचा शिक्का स्पष्ट हवा. आणि ते हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामान पट्ट्यावर येण्याआधीच ते मागितलं जातं.

दहा देशांत चाललं म्हणून इथंही चालेल असं समजणं

पॅटागोनियात किंवा पामीरच्या रस्त्यावर सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण) जवळ असणं शहाणपणाचं. भारतात मात्र परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपकरण बाळगणं हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं उपकरण सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. बंद करून सॅकच्या तळाशी ठेवलं तरी स्कॅनरमध्ये दिसतंच. शेवटच्या विमानाआधी ते विकून टाका किंवा परदेशातल्या मित्राकडे ठेवा.

ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. परदेशात घेतलेल्या ड्रोनचंही तसंच: फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करता येत नाही. इथूनच नेलेला असेल तर त्याचं बिल आणि नोंदणी क्रमांक जवळ ठेवा. महागडा कॅमेरा नेताना, परतल्यावर त्यावर शुल्क लागू नये म्हणून, निघतानाच कस्टममधून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असतं. ते राहून गेलं असेल तर भारतातल्या खरेदीचं बिल घरच्यांकडून मागवून घ्या, सिरियल नंबरसकट. कस्टमच्या ‘ग्रीन’ (जाहीर करण्यासारखं काही नाही) मार्गिकेतून निघून मग पकडलं जाण्यापेक्षा ‘रेड’मध्ये जाऊन दाखवणं केव्हाही स्वस्त पडतं.

दहा चलनांची चिल्लर घरी आणणं

अर्जेंटिनाचे पेसो किंवा इथिओपियाचे बिर पुण्यात कोणी घेत नाही आणि नाणी तर कुठल्याच चलनाची बदलून मिळत नाहीत. ती त्या-त्या देशातच चहापाण्यावर संपवा. डॉलर-युरो उरले तर नियम साधा आहे: परतल्यापासून १८० दिवसांत ते बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे द्यायचे, २,००० अमेरिकी डॉलरइतक्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नोटा ५,००० डॉलरहून जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरची मर्यादा ओलांडत असाल, तर उतरताना करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरावा लागतो.

मोबाइल नंबर मरू देणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असेल, तर कंपनी ते बंद करते. नंबर परत सुरू करायला पुढे १५ दिवसांची सवलत मिळते, पण तुम्ही तेव्हा बोलिव्हियात असता. काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजू लागतात.

मुदत अजून संपली नसेल तर रिचार्ज आजच करा, घरून कोणी केलं तरी चालतं. शिल्लक २० रुपयांच्या वर असली की दर ३० दिवसांना २० रुपये कापून नंबर जिवंत राहतो. नंबर गेलाच असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी नवा नंबर घ्या. मग पासपोर्ट आणि पॅन घेऊन बँकेच्या होम ब्रांचला जा आणि जुना नंबर काढायला लावा, कारण तो परक्याच्या हातात असू शकतो. त्यानंतर आधार सेवा केंद्रात जाऊन आधारचा मोबाइल बदला. यूपीआय शेवटी. वर्षभर एकही व्यवहार झाला नसेल तर यूपीआय आयडी बंद झालेला असतो, तो पुन्हा नोंदवायचा. लोक नेमकं उलट करतात. आधी अ‍ॅप उघडून धडपडतात, पिन तीनदा चुकतो, खातं लॉक होतं आणि मग ब्रांच आठवते.

सॅक थेट पलंगावर टाकणं

वर्षभर हॉस्टेलच्या बंकखाली ठेवलेल्या सॅकमधून ढेकूण घरी येणं अगदी नेहमीचं आहे. एक गाभण मादी पुरते. सॅक घरात न नेता गॅलरीत पांढऱ्या चादरीवर उघडा. पाठीच्या पॅडिंगची शिवण, चेनच्या पट्ट्यामागची घडी आणि खांद्याच्या पट्ट्यांचा मूळ सांधा टॉर्चने बघा. काळे ठिपके दिसले आणि ओल्या कापसाने पुसल्यावर तपकिरी ओघळले, तर ती ढेकणांची विष्ठा. कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. धुता न येणारं सामान पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान चार दिवस ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड असेलच असं नाही. उन्हात टाकण्यावर फार विसंबू नका. कापड वरून तापतं, पण पॅडिंगच्या आत ढेकूण मजेत असतो.

ताप आला की ‘इथलाच व्हायरल’ म्हणणं

मलेरिया होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्या विमानात बसल्यावर थांबवायच्या नसतात. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर मलेरियाचा प्रदेश सोडल्यानंतरही चार आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस घ्यायच्या. कारण परजीवी आधी यकृतात लपतो आणि नंतर रक्तात उतरतो. बहुतेक गोळ्या त्याला रक्तातच गाठतात.

पावसाळ्यात परतलात तर डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा डेंग्यू आणि टायफॉइड येणार, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. तुम्हीच पहिल्या वाक्यात सांगा: ‘तीन आठवड्यांपूर्वी युगांडात होतो.’ फाल्सिपारम मलेरिया बहुधा तीन महिन्यांच्या आत उलटतो आणि दोन-चार दिवसांत गंभीर होऊ शकतो. व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार वर्षानंतरही डोकं वर काढतो. एक स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून केलेली तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून थांबू नका, १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा तपासतात.

मलावी सरोवरात किंवा व्हिक्टोरिया सरोवरात पोहला असाल तर शिस्टोसोमियासिसची (गोड्या पाण्यातल्या जंतामुळे होणाऱ्या आजाराची) तपासणी करा, त्रास नसला तरी. हा जंत उघड्या त्वचेतून शिरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. शेवटचं पाण्यात उतरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा; आधी केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे हा आजार जवळपास नाहीच (रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५०च्या दशकात रुग्ण सापडले होते, तो अपवाद), त्यामुळे नाव तुम्हालाच घ्यावं लागेल.

बंद घरात शिरून पहिल्याच संध्याकाळी दिवा, गॅस, नळ सगळं सुरू करणं

आधी दारं-खिडक्या उघडा. गॅसचा वास आला तर एकाही बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करून बाहेर या. वर्षभर साचलेलं टाकीचं पाणी प्यायचं नाही, त्याने आंघोळही नको. टाकी रिकामी करून घासा. मग ५०० लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. सगळे नळ वास येईपर्यंत सोडा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पूर्ण काढून टाका. आरओमधून हे पाणी जाऊ देऊ नका, क्लोरीनने मेंब्रेन खराब होतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा. ती १२ व्होल्टच्या खाली महिनोन्‌महिने पडून राहिली असेल तर प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं आणि चार्ज केली तरी तासभरही चालत नाही. गाडीचा बॉनेट उघडल्याशिवाय किल्ली फिरवू नका. उंदरांनी वायर कुरतडलेली असते. विमा संपून ९० दिवस उलटले असतील तर नो क्लेम बोनस गेला, आणि नव्या विम्याआधी गाडी रस्त्यावर काढायची नाही. पीयूसीचंही बघा.

‘१८२ दिवस बाहेर होतो, म्हणजे मी एनआरआय’

नाही. वर्षात १८२ दिवस भारतात असणं ही एक कसोटी; दुसरी लोक विसरतात: त्या आर्थिक वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल तरी प्राप्तिकरासाठी तुम्ही निवासीच. १ जुलैला निघालात तर एप्रिल ते जूनचेच ९१ दिवस होतात. ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, फिरायला जाणाऱ्यांना नाही. ऑस्ट्रेलियात फळं तोडायचं काम करून तिथं खातं उघडलं असेल तर ते विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, शिल्लक कितीही असो. त्यासाठी आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. दिवसांचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास जपा. शेंगेन देशांनी (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांनी) ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी डिजिटल नोंद सुरू केली आहे, त्यामुळे पासपोर्टवर सगळं सापडेल या भरवशावर राहू नका.

बाइक घेऊन गेलेल्यांसाठी

कार्ने म्हणजे गाडी शुल्क न भरता तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टमचं पुस्तक. त्याच्या प्रत्येक पानाचा वरचा भाग पुस्तकातच राहतो, आणि त्यावर प्रवेश व निर्गमन असे दोन्ही शिक्के हवेत. निर्गमनाचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशातच विकली असं धरून तिथलं कस्टम नंतरही शुल्क मागू शकतं. प्रत्येक सीमेवर शिक्का बघूनच पुढे सरका. मुंबई बंदरात गाडी सोडवताना परत-आयातीची नोंद करून घ्या आणि मूळ पुस्तक ते देणाऱ्या ऑटोमोबाइल क्लबकडे लगेच जमा करा. ते तपासून बंद झाल्याशिवाय पुस्तक घेताना दिलेली बँक गॅरंटी मोकळी होत नाही.