थ्रीडी प्रिंटच्या शिरस्त्राणाला खऱ्या पोलादाचा रंग आणि जुनेपणा कसा द्यायचा

शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा 6 जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला हल्ली थ्रीडी प्रिंटची नाहीतर फायबरची शिरस्त्राणं घातलेली मुलं दिसतात, आणि आकार खरंच छान केलेले असतात, नाकपट्टी वरखाली सरकते, दोन बाजूला तुऱ्याच्या नळ्या, मागे मानेवर कड्यांची झालर, सगळं असतं. पण रंग बघितला की मन खट्टू होतं. एकतर सरळ चंदेरी स्प्रे मारून चकाचक केलेलं असतं, नाहीतर जुनं दाखवायचं म्हणून सगळीकडे केशरी गंज फासलेला असतो. दोन्ही चुकीचंच, कारण असं शिरस्त्राण कुणाकडे असायचं ते आधी बघितलेलं नसतं.

साध्या मावळ्याच्या डोक्याला बहुतेक पागोटंच असायचं. पोलादी टोप परवडायचा तो सरदार-मानकऱ्यांना, आणि इतकी महागाची वस्तू कुणी गंजत टाकत नाही, ती पुसली जायची, तेल लावून ठेवली जायची, पितळी भाग घासले जायचे. म्हणजे आपल्याला जे दाखवायचंय ते आहे वापरलेलं पण नीट सांभाळलेलं शिरस्त्राण. जिथे फडकं पोचतं तिथे चमक, जिथे पोचत नाही तिथे काळपट मळ, आणि गंज फक्त अगदी कोपऱ्यात. एवढं एक डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं काम सोपं जातं. शक्य असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रांचं दालन जाऊन बघा, मुंबईला अकबराचं चिलखतही आहे, आणि बघताना नक्षीपेक्षा जास्त लक्ष सांध्यांकडे आणि कडांकडे द्या.

आता काम. पीएलएमध्ये, म्हणजे थ्रीडी प्रिंटच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये, प्रिंट केलेलं असेल तर लेयरच्या, म्हणजे थरांच्या, रेषा घालवणं हाच सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे आळस केला तर पुढे कितीही भारी रंग लावा, प्लास्टिक ते प्लास्टिकच दिसणार. आधी 120 चा पॉलिश पेपर, मग 220, मोठ्या फटीत बॉडी फिलर आणि बारीक रेषांत गाड्यांच्या पेंटच्या दुकानात मिळते ती एनसी पुट्टी, पुट्टी एकदम जाड थापायची नाही, पातळ पातळ दोन-तीन हात द्यायचे नाहीतर आतून ओली राहते आणि नंतर बसते. मग प्राइमर सर्फेसर मारा, वाळला की 400 चा वॉटर पेपर पाणी लावून, परत प्राइमर, मग 600. उन्हात तिरकं धरून बघा, रेषा राहिल्या असतील तर तिथेच कळतात. ओलं घासल्याने धूळ उडत नाही तो फायदा वेगळाच. आणि स्प्रे करताना साधा कापडी मास्क चालत नाही हां, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या आणि गच्चीवर करा, घरात गॅस-देवाची समई चालू असताना तर अजिबात नको.

वार-पोचे दाखवायचे असतील तर ते प्राइमरच्या आधी. समोरचा माणूस उजव्या हाताने तलवार चालवत असेल तर घाव बहुतेक आपल्या डाव्या बाजूला वरून तिरका येतो, त्यामुळे एक-दोन अरुंद सरळ खाचा डाव्या बाजूला, त्रिकोणी कानशीने काढायच्या आणि कडा थोड्या गोल करायच्या. एक-दोन म्हणजे खरंच एक-दोनच! दहा घाव खाल्लेला टोप कुणी परत डोक्यावर घालत नाही, नवीन करून घेतो.

रंगाला सुरुवात काळ्यापासून. सॅटिन म्हणजे मंद चमकीचा काळा स्प्रे, साधारण 20-25 सेंटीमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून पातळ हात, आणि मग किमान एक दिवस हात लावायचा नाही. पावसाळ्यात हवेत दमटपणा असला की लॅकर स्प्रेवर पांढुरकी झाक येते, म्हणून फेब्रुवारीतल्या शिवजयंतीसाठी जानेवारीत काम धरणं उत्तम, आणि रायगडासाठी मेच्या आत रंग संपवून टाका.

आता माझी सगळ्यात आवडती पायरी, ग्रॅफाइट. चंदेरी स्प्रे मारूच नका. कुलपात घालायची ग्रॅफाइट पावडर मिळते ती घ्या, नाही मिळाली तर 8बी पेन्सिलचं शिसं बारीक किसून घ्या, आणि मऊ सुती फडक्याने त्या काळ्या रंगावर चोळा, गोल गोल, जोर लावून. काळ्यातून हळूहळू जे काही वर येतं ना ते अगदी पोलाद असतं, थोडं निळसर, खोल, हातात घेतलं तर गार लागेल असं वाटणारं. चंदेरी रंगाला ही खोली येत नाही कारण पोलाद पांढरं नसतंच, ते गडद करडं असतं आणि फक्त जिथे घासलं जातं तिथे उजळतं. म्हणून कडांवर, वरच्या टोकाच्या बुडाशी, रिव्हेटांच्या माथ्यावर जास्त चोळा, खोलगट भागात कमी. एकदम ग्लॉस काळ्यावर ग्रॅफाइट नीट धरत नाही, सॅटिन किंवा मॅटच हवा.

नाकपट्टीकडे खास लक्ष द्या. ती खाचेतून वरखाली सरकते म्हणजे तिच्यावर उभे ओरखडे पडणारच, आणि ते ओरखडे सगळ्यात उजळ असतात कारण रोज घासले जातात, तिथे गंज कधीच येणार नाही. मी तिथे बारीक ब्रशने थोडा चंदेरी ॲक्रेलिक जवळजवळ कोरडाच ओढतो, फक्त उभ्या दिशेने.

सोन्याची नक्षी करायची असेल तर हे लक्षात घ्या की कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. म्हणजे सोनं झिजलं की खाली त्या रेघांचं काळपट पोलाद दिसतं. सोनेरी ॲक्रेलिकने नक्षी काढा, वाळू द्या, आणि जिथे हात लागतो त्या उंच भागावर 800 चा पेपर अगदी हलका फिरवा. नक्षी अर्धवट पुसट झाली की शिरस्त्राणाचं वय एकदम वाढतं.

यावर ग्लॉस किंवा सॅटिन क्लिअरचे (पारदर्शक स्प्रेचे) दोन-तीन धुक्यासारखे पातळ हात. जोरात मारलं तर ग्रॅफाइट वाहतं, आणि मॅट क्लिअर मारलं तर केलेली सगळी चमक राखाडी होऊन जाते, ते टाळाच. थोडी चमक तरीही कमी होते, ते धरूनच आधी जास्त चोळायचं.

क्लिअर दोन दिवस वाळल्यावर मळ. ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर आणि काळा, टर्पेंटाईनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून सगळ्या खाचांत, रिव्हेटांभोवती, नळ्यांच्या बुडाशी सोडायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि फडक्याने वरून खाली पुसायचं. हा गंज नाही बरं का, हा तेलात बसलेल्या धुळीचा थर आहे, तेल लावलेल्या कुठल्याही जुन्या लोखंडावर असाच दिसतो. टर्पेंटाईन आधी आतल्या बाजूला लावून बघा, काही स्प्रे त्याने सुटतात. थिनर मात्र चुकूनही नको, खालचं सगळं उचलून आणेल.

गंजासाठी रांगोळीच्या दुकानातला गेरू. गेरूत लोहाचं ऑक्साईडच असतं, म्हणजे रंग नक्कल नाहीच, त्याच घराण्यातला आहे. चिमूटभर गेरूत थोडा काळा मिसळून ओल्या ब्रशच्या टोकाने झालरीच्या भोकांपाशी, सांध्यांच्या आत, घावाच्या खाचेत टेकवायचा आणि बोटाने बराचसा पुसून टाकायचा. पितळी भागांवर हिरवट थर हवा असेल तर पिरोजी रंगात पांढरा घालून पाण्यासारखा पातळ करा आणि फक्त जोडावर सोडा, कारण पितळ चिंचेने घासताना बोट पोचत नाही ती जागा तीच. वाळल्यावर या सगळ्यावर परत क्लिअरचा एक हलका हात, जूनमध्ये रायगडावर पाऊस गाठतोच आणि नुसता गेरू गळ्यावर ओघळेल.

झालरीच्या ॲल्युमिनियमच्या कड्या फार पांढऱ्या दिसतात, त्यांना काळा स्प्रे मारून वाळल्यावर दोन तळव्यांत पॉलिश पेपर धरून चोळा, कड्यांचे उंच भाग उघडे पडतात आणि वजन वाटायला लागतं. आतलं अस्तर मांजरपाटाचं शिवा, चहात उकळून काढा, कपाळाकडची पट्टी दोनदा बुडवा कारण घाम तिथेच मुरतो.

आणि तयार झालेलं शिरस्त्राण उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवू नका, पीएलए साधारण 60 अंशाला मऊ पडायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या काचेपाशी तेवढं तापमान सहज होतं, खोक्यात कागदाचे बोळे भरून सीटखाली सावलीत न्या.